माचामेच्या दारातला काटा

किलिमांजारोच्या माचामे दारावर पोचल्यावर आधी डोंगर दिसत नाही, माणसं दिसतात. ट्रकमधून उतरवलेल्या तंबूंच्या वळकट्या, गॅसच्या टाक्या, अंड्यांचे ट्रे, बटाट्या-कांद्यांच्या गोण्या, घडीच्या खुर्च्या आणि या सगळ्या पसाऱ्याभोवती दाटीने उभे असलेले पोर्टर. छपराखाली एक काटा असतो. एकेक पोर्टर रांगेने येतो, आपलं ओझं काट्यावर चढवतो आणि पार्कचा माणूस आकडा बघतो. २० किलोच्या वर गेलं की ओझं सोडायचं आणि जास्तीचं काढायचं. या २० किलोत पोर्टरच्या स्वतःच्या कपड्या-अंथरुणाचाही हिशेब धरलेला असतो. म्हणजे त्याने वाहायचं आपलं सामान उरतं १५ किलोच्या आसपास.

आमच्या तुकडीतल्या एका पोराचं ओझं जास्त भरलं. त्याने मुकाट्याने दोरी सोडली, बटाट्यांची एक पिशवी बाजूला काढली आणि पुन्हा काट्यावर चढवलं. आमच्या गटातले बाकीचे फोटो काढत होते, चहा पीत होते. मी मात्र त्या काट्यापासून हलले नाही.

मी तेलगावची. बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ते आमचं गाव. गावाला लागून सुंदरनगर, तिथे लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना. हंगामात काट्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग लागते, ती बघत आम्ही शाळेत जायचो. कारखाना दारात असूनही धारूर, वडवणी भागातल्या वाड्या-तांड्यांवरची किती तरी बिऱ्हाडं दसरा-दिवाळीच्या तोंडाला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघून जातात. माझे आईवडीलही जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी असते. उचल त्या कोयत्याला मिळते, मजुरी टनावर. आई ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. त्या गाडीचं वजन व्हायचं, उसाचं व्हायचं, मोळीचं कधी झालं नाही. एका बाईने किती ओझं उचलावं याचा नियम असू शकतो, हे मला माचामेच्या दारात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

निघताना आईने विचारलं होतं, “पैशे देऊन डोंगर चढायला कामून जायलीस एवढ्या लांब? धारूरचा घाट हाय की.” घाट होताच. त्याच घाटात आणि धारूरच्या किल्ल्यावर मी पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून चढ-उताराची सवय केली, पुढे कळसूबाई केलं. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. माचामेचं दारच १,८०० मीटरच्या आसपास आहे. आपल्या राज्यातली सगळी उंची जिथे संपते, त्याच्याही वरून तिथली चाल सुरू होते.

किलिमांजारो एक शिखर नाही. शिरा, मावेंझी आणि किबो या तीन ज्वालामुखींनी मिळून झालेला तो एक अवाढव्य डोंगर आहे. शिरा झिजून पठार झालाय. मावेंझी ५,१४९ मीटरचा, करवती कड्यांचा. किबो अजून निद्रिस्त मानला जातो, त्याच्या मुखात गंधकाचा वास येणारी वाफ निघते. किबोच्या कडेवरचं सर्वोच्च टोक उहुरू, ५,८९५ मीटर, आफ्रिकेतली सर्वांत उंच जागा. विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला असूनही वर बर्फ आहे. योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने १८४८ साली हे बर्फ पाहून युरोपात कळवलं, तेव्हा लंडनमधल्या भूगोलाच्या पंडितांनी त्याला खोट्यात काढलं. स्थानिक चाग्गा लोकांना ते बर्फ अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

६ ऑक्टोबर १८८९ रोजी हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर हे दोघे माथ्यावर पोचले, असं पुस्तकांत असतं. त्यांच्याबरोबर मारंगूचा योहानी किन्याला लाउवो नावाचा तरुण वाटाड्या होता, हे आता तंझानियात आवर्जून सांगतात. मायरच्या सामानाखाली ज्यांच्या माना दुखल्या त्यांची नावं मात्र फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत. शिखराला जर्मन सम्राट विल्हेल्मचं नाव दिलं गेलं. १९६१ च्या डिसेंबरात टांगानिका (आजच्या तंझानियाची मुख्यभूमी) स्वतंत्र झाला, त्या रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्याने माथ्यावर झेंडा रोवला आणि मशाल पेटवली. पुढे शिखराचं नाव उहुरू झालं, म्हणजे स्वातंत्र्य.

मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरता येतं. या मार्गाने जाणाऱ्याने पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं. पायथ्याचं शहर मोशी. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने, चढाईला तेच बरे. परवाना असलेल्या गाइडशिवाय डोंगरावर पाय ठेवता येत नाही. वाटा अनेक आहेत. मारंगूच्या वाटेवर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत. माचामे, लेमोशो, रोंगाई या वाटांवर तंबू. माचामेची वाट सहा दिवसांतही करतात, पण सात घ्यावेत. एक जास्तीचा दिवस म्हणजे पैसे वाया, असं आपल्याकडच्या बऱ्याच गटांना वाटतं. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला जो वेळ लागतो, तो दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. घाईने चढलेले धडधाकट तरुण परत फिरतात आणि साठीतली सावकाश चालणारी माणसं माथ्यावर पोचतात.

मोशीच्या दक्षिणेला, डोंगराकडे पाठ करून गेलं की ऊस लागतो. टीपीसी या कारखान्याचं हजारो एकरांचं शिवार आहे, १९३० च्या सुमाराला डॅनिश मालकांनी सुरू केलेलं. माझ्या गटाला वाटलं मी हत्ती-जिराफ बघायला अर्धा दिवस मागतेय. मी मागितला तो उसासाठी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोच हिरवा, तोच पाल्याचा सळसळाट, पाटाचं पाणी आणि वर ढगांत किबो. खाली एवढा ऊस पिकतो तो या डोंगराच्या पाण्यावर.

हे पाणी वितळत्या बर्फाचं आहे, असा पुष्कळांचा समज असतो. खरं म्हणजे ते बहुतांश जंगलाचं आहे. दक्षिण उतारावर साधारण दोन हजार मीटरच्या पुढे जो घनदाट पट्टा आहे, तिथे सर्वांत जास्त पाऊस पडतो. शेवाळलेली झाडं ढगांतला ओलावाही धरतात आणि तो जमिनीत मुरतो. चाग्गा शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वीपासून डोंगराच्या अंगावर पाट खणून हे पाणी आपल्या केळी-कॉफीच्या बागांत आणलं. पाटाची दुरुस्ती गावाने मिळून करायची, पाळीने पाणी घ्यायचं. मांजरा आणि सिंदफणेच्या खोऱ्यातल्या माणसाने हे पाट बघायला तरी मोशीला एक दिवस ठेवावा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून पाहिलंय.

पहिला दिवस याच जंगलातला. काही झाडांच्या फांद्यांवरून करडी-हिरवी दाढी लोंबते, पायाखाली चिखल, मधूनच माकडांची हालचाल. सकाळी आपण निघतो तेव्हा आपल्या तुकडीतले निम्मे पोर्टर अजून काट्यापाशी रांगेत असतात. तासाभराने मागून पावलं वाजतात, कुणीतरी “जांबो” म्हणतं, आपण कडेला सरकतो आणि डोक्यावर गोणी, पाठीवर स्वतःची पिशवी असा माणूस भरभर पुढे निघून जातो. आपण मुक्कामावर पोचेपर्यंत तंबू उभा असतो आणि आल्याचा चहा उकळत असतो. माणशी तीनच्या आसपास माणसं लागतात: गाइड, मदतनीस गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर. आमच्या लहानशा गटामागेही एक टोळीच होती. टोळी हाच शब्द माझ्या मनात आला, कारण कुणी काय उचलायचं, कोण पुढे जाऊन जागा धरणार, कोण पाणी आणणार, हे सगळं तसंच न बोलता ठरत होतं.

दुसऱ्या दिवशी झाडं खुजी होत जातात आणि शिरा पठारावर थंड, मोकळी हवा लागते. तिथून पुढे सारखा एकच मंत्र कानावर येतो, पोले पोले, सावकाश. गाइड मुद्दाम इतका हळू चालतो की सुरुवातीला राग येतो. रोज संध्याकाळी बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू आणि नाडी मोजतात, डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, हे विचारतात. इथे खोटं बोलू नये. डोंगराच्या आजारात सुरुवातीला डोकेदुखी आणि मळमळ असते. तिकडे दुर्लक्ष केलं तर मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी होतं, आणि मग त्वरित खाली उतरण्यावाचून दुसरा उपाय नाही. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे ४,६०० मीटरपर्यंत चढवून पुन्हा ३,९०० च्या आसपास बारांको दरीत झोपायला आणतात, ते यासाठीच.

बारांको दरी या वाटेवरची सर्वांत देखणी जागा. पुरुषभर, दोन पुरुष उंचीचे सेनेसिओ इथे थव्याने उभे असतात: जाड खोड, वाळलेल्या पानांचं पांघरूण आणि टोकाला कोबीसारखा हिरवा गेंद. जुनी पानं गळत नाहीत, तीच खोडाला थंडीपासून राखतात. शेजारी लोबेलिया. तिच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. रात्री पानं मिटतात, पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि आतला कोंब गोठण्यापासून वाचतो. या डोंगरावर रोज रात्री हिवाळा आणि रोज दुपारी उन्हाळा होतो. झाडांनी त्याच्याशी कसं निभावलंय, ते बघत मी संध्याकाळ काढली.

सकाळी समोर बारांकोची भिंत. अडीचशे मीटरच्या आसपास चढ, हाताने खडक धरत जायचं. दोरीची गरज नाही, पण छाती धडधडते. आम्ही दोन्ही हातांनी दगड चाचपत होतो आणि आमच्या बाजूने पोर्टर एका हाताने डोक्यावरचं ओझं सावरत, दुसऱ्या हाताने खडक धरत वर जात होते. एका अरुंद जागी आमच्या तुकडीतली बाई थांबली होती. तीस-एक पुरुषांत ती एकटी. गाइडने आमच्यात दुभाषाचं काम केलं. ती रोंबो भागातली, डोंगराच्या पूर्वेकडची. तिची मुलं तिच्या आईपाशी होती. मी सांगितलं, माझे आईवडील ऊस तोडायला जायचे तेव्हा मीही आजीपाशीच राहायचे. तिने विचारलं, तुझी आई किती ओझं उचलायची? मी आकडा सांगितला. तिने गाइडकडे बघून तो पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, तिथे काटा नाही का?

त्या रात्री कारांगाच्या मुक्कामावर तिच्याकडून आणि इतरांकडून बरंच कळलं. काम मिळवायला दारापाशी येऊन उभं राहावं लागतं. ओळखीच्या गाइडने नाव घेतलं तर आत. काही जण नाव घेण्याबद्दल पैसे कापून घेतात. काही कंपन्या ठरलेली मजुरी पूर्ण देत नाहीत आणि बक्षिसीवर भागवा म्हणतात. कुठे दिवसातून एकदाच जेवण, कुठे पुरेसे तंबूच नाहीत, म्हणून प्रवाशांचं जेवण उरकेपर्यंत जेवणाच्या तंबूबाहेर थंडीत थांबायचं आणि मग तिथेच आडवं व्हायचं. नियम आहे म्हणून सगळीकडे तो पाळला जातो असं नाही. दाराच्या पुढे गेल्यावर दोघांचं ओझं एकावर चढतं. म्हणून काही मुक्कामांवर पुन्हा वजन होतं.

२००३ पासून मोशीत किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था काम करते. तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांनी किती मजुरी, किती दिवसांत, किती जेवणं, झोपायला काय, हे पाळायचं असतं. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांची एक पद्धत: तुकडीतल्याच पोर्टरकडून त्या चढाईचा तपशील मागवला जातो, मजुरी हातात किती पडली इथपर्यंत. आपल्याकडे मुकादमाच्या वहीत काय आणि कोयत्याच्या हातात काय, हे हंगाम संपून पट्टा पडल्यावर कुणी तिऱ्हाईत येऊन विचारत नाही. विचारायला हवं, आणि ते जमण्यासारखं आहे, हे मी ४,००० मीटरवर शिकले.

महाराष्ट्रातून आता किलिमांजारोला खूप लोक जातात. २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला माथ्यावर तिरंगा नेतात. पैसे भरण्याआधी त्यांनी कंपनीला विचारावं: पोर्टरला रोज किती देता, खाली उतरल्यावर किती दिवसांत देता, तो झोपतो कुठे, दिवसातून कितीदा जेवतो. सर्वांत स्वस्त सहल स्वस्त का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा याच चार प्रश्नांत असतं. पार्कचं शुल्क सगळ्यांना सारखंच असतं, त्यात कपात करता येत नाही. कपात होते ती माणसांत.

कारांगाबद्दल आणखी एक सांगायचं आहे. तिथल्या दरीतला ओढा हे या वाटेवरचं शेवटचं पाणी. पुढचा मुक्काम बाराफू, ४,६७३ मीटर, तिथे थेंबही नाही. आमचा चहा, सूप, भांडी, माथ्याच्या रात्री प्रत्येकाच्या बाटलीत भरलेलं गरम पाणी, सगळं पोर्टरांनी कारांगाहून डोक्यावर वाहून आणलेलं. पहाटे मी त्यांना पिवळे कॅन घेऊन दरीत उतरताना आणि भरून वर येताना पाहिलं. हंडे घेऊन चालणाऱ्या बायांच्या गावातून आलेय मी. बाराफूला तोंड धुवायला कोमट पाण्याची वाटी पुढे आली, ती मी परत केली.

बाराफूहून मध्यरात्री निघतात. उणे दहा-पंधरा अंश, वारा, डोक्यावरच्या दिव्यांची वर वर जाणारी रांग. भुसभुशीत राखेत एक पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. हवेचा दाब जवळजवळ निम्मा, त्यामुळे श्वास पुरत नाही. किबोची कडा लागते स्टेला पॉइंटला, ५,७५६ मीटरवर, सूर्य उगवायच्या सुमाराला. तिथून उहुरू तासाभराचं, चढ सौम्य, पण तोच तास सर्वांत लांब वाटतो. डाव्या हाताला दक्षिणेच्या हिमनद्यांच्या उभ्या निळसर भिंती. १९१२ ते २००७ या काळात या डोंगरावरचं सुमारे ८५ टक्के बर्फ नाहीसं झालं. २०५० पर्यंत आफ्रिकेतल्या जागतिक वारसास्थळांवरच्या हिमनद्या संपतील असा युनेस्कोचा २०२२ चा अंदाज आहे, त्यात हा डोंगर आहे. मी माथ्यावर फार थांबले नाही. फलकापाशी उभी राहिले, आमच्या गाइडच्या पाया पडले. तो गडबडला, मग त्याने मला उभं करून मिठी मारली.

उतार गुडघ्यांची परीक्षा घेणारा. त्याच दिवशी सुमारे पावणेतीन हजार मीटर खाली म्वेकाच्या मुक्कामाला, दुसऱ्या सकाळी जंगलातून म्वेका दाराला. शेवटच्या मुक्कामावर सगळी टोळी गोल करून गाते, नाचते, आणि मग बक्षिसीचा कागद वाचला जातो. ही रक्कम गाइडच्या हातात एकगठ्ठा देऊ नये. कुणाला किती, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, म्हणजे प्रत्येकाला आपला आकडा कळतो. आम्ही तसं केलं. रोंबोच्या त्या बाईने आपला आकडा ऐकला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि शेजारच्या पोराला कोपराने ढोसून हसली.

मोशीत पोर्टरांच्या त्या संस्थेचं कपड्यांचं भांडार आहे. चढाईला निघणाऱ्या पोर्टरला तिथून जाकीट, बूट, हातमोजे फुकट वापरायला मिळतात, उतरल्यावर परत करायचे. परदेशी प्रवासी जाताना आपले कपडे तिथे ठेवून जातात. विमानाच्या आदल्या दुपारी आम्ही गेलो. आमच्यातल्या चौघांनी जाकिटं दिली, मी बूट दिले. माझे पाय लहान म्हणून बुटांचा उपयोग होईल का, असं मी भीत भीत विचारलं. तिथल्या बाईंनी बूट उलटे करून तळवे बघितले आणि सांगितलं की आता डोंगरावर बायका यायला लागल्यात, लहान मापाचेच बूट कमी पडतात.